केंद्रकीय संमीलनाची वीज : आशा, शंका आणि भीती

प्रक्रिया आणि तिच्या अटी

हलक्या अणूंची केंद्रके एकत्र येऊन जड केंद्रक बनते, तेव्हा वस्तुमानाचा अल्पसा अंश ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो. या प्रक्रियेला केंद्रकीय संमीलन किंवा फ्यूजन म्हणतात. सूर्य आणि इतर तारे याच ऊर्जेवर तळपतात. आजची अणुवीज केंद्रे याच्या उलट प्रक्रियेवर, म्हणजे युरेनियमसारखे जड केंद्रक फुटण्यावर, विखंडनावर चालतात.

पृथ्वीवर संमीलन घडवायला सर्वांत सोपी जोडी ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड समस्थानिकांची आहे. त्यांच्या एका संयोगातून १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. त्यातला १४.१ दशलक्षांचा वाटा न्यूट्रॉन घेऊन जातो, उरलेला ३.५ दशलक्षांचा हेलियमच्या केंद्रकाकडे राहतो. ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण फ्यूजनचे बहुतेक फायदे आणि बहुतेक डोकेदुख्या या वेगवान न्यूट्रॉनपाशी येऊन थांबतात.

दोन्ही केंद्रकांवर धन विद्युतभार असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणण्यासाठी इंधन सुमारे १५ कोटी अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. सूर्याच्या गाभ्याचे तापमान याच्या एक दशांश, म्हणजे सुमारे दीड कोटी अंश आहे; पण तिथे प्रचंड गुरुत्वाकर्षण मदतीला असते. इतक्या तापमानाला पदार्थ प्लाझ्मा अवस्थेत जातो आणि कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही. त्याला धरून ठेवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत: चुंबकीय क्षेत्राच्या पिंजऱ्यात कोंडणे, किंवा इंधनाची इवलीशी गोळी लेसरने क्षणार्धात दाबणे. तापमान, घनता आणि ऊर्जा टिकून राहण्याचा काळ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पुरेशा साधल्या तरच मिळालेली ऊर्जा खर्च झालेल्या ऊर्जेपेक्षा जास्त होते. ब्रिटिश अभियंता जॉन लॉसन यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ही कसोटी आजही मोजपट्टी म्हणून वापरली जाते.

सत्तर वर्षांची वाटचाल

ताऱ्यांची ऊर्जा हायड्रोजनचे हेलियम होण्यातून येत असावी, ही कल्पना आर्थर एडिंग्टन यांनी १९२० मध्ये मांडली. १९३४ मध्ये केंब्रिजला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत ड्यूटेरियमचे संमीलन घडवले गेले. मोठ्या प्रमाणावर ही ऊर्जा प्रथम मोकळी झाली ती मात्र शस्त्राच्या रूपाने: १ नोव्हेंबर १९५२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील एनेवेटाक बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली.

हीच ऊर्जा विजेसाठी वापरता येईल, ही आशा जागतिक व्यासपीठावर ठळकपणे मांडणाऱ्यांत डॉ. होमी भाभा होते. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. येत्या दोन दशकांत नियंत्रित संमीलनाची पद्धत सापडेल, असे भाकीत त्यांनी तिथे केले. तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांचे या क्षेत्रातले काम गुप्त होते. १९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत गुप्ततेचा पडदा दूर झाला आणि अडचण किती मोठी आहे हे सर्वांच्या एकदमच ध्यानात आले. त्याच वर्षाच्या आरंभी ब्रिटनच्या ‘झीटा’ यंत्रात संमीलन साधल्याचा गाजावाजा झाला होता. काही महिन्यांतच तो दावा मागे घ्यावा लागला, कारण आढळलेले न्यूट्रॉन तापलेल्या प्लाझ्मातून आलेले नव्हते.

खरी कलाटणी सोव्हिएत संघातून मिळाली. आंद्रेई साखारोव आणि ईगोर ताम यांच्या कल्पनेतून आकाराला आलेले टोकामॅक हे मेदूवड्याच्या आकाराचे यंत्र १९६८ मध्ये इतरांच्या कितीतरी पुढे गेल्याचे जाहीर झाले. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९६९ मध्ये ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेतील पथक आपली लेसर उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले, त्यांनी तापमान स्वतः मोजले आणि आकडे खरे ठरले. तेव्हापासून टोकामॅक ही या क्षेत्राची मुख्य वाट झाली.

या इतिहासाला फसव्या पहाटेचीही जोड आहे. मार्च १९८९ मध्ये अमेरिकेच्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी साध्या तापमानाला, टेबलावरच्या विद्युतघटात संमीलन घडल्याचा दावा केला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासह जगभरच्या प्रयोगशाळांनी लगोलग प्रयोग केले आणि काहींनी अनुकूल निष्कर्षही कळवले. पण खात्रीने पुन्हा घडवता येईल असा पुरावा उभा राहिला नाही. ‘कोल्ड फ्यूजन’च्या या प्रकरणाने संपूर्ण क्षेत्राच्या विश्वासार्हतेला धक्का बसला, जरी मुख्य प्रवाहातल्या संशोधनाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

आज कुठवर आलो

ब्रिटनमधील युरोपीय यंत्र ‘जेट’ने १९९७ मध्ये १६ मेगावॅट संमीलनशक्ती निर्माण केली, प्लाझ्मा तापवण्यासाठी २४ मेगावॅट दिले गेले होते. याच यंत्राने २०२३ च्या अखेरच्या प्रयोगांत ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा काढली आणि त्याच डिसेंबरात चाळीस वर्षांच्या कामानंतर ते थांबले.

लेसरच्या वाटेवर अमेरिकेच्या ‘नॅशनल इग्निशन फॅसिलिटी’ने ५ डिसेंबर २०२२ रोजी इतिहास घडवला. १९२ लेसर शलाकांनी लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा सोडली आणि संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. लक्ष्याला दिली त्यापेक्षा जास्त ऊर्जा परत मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

या आकड्यांचा हिशेब घरच्या विजेच्या मीटरवर मांडला की चित्र स्पष्ट होते. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे २०२२ च्या त्या प्रयोगातून मिळालेली ऊर्जा पूर्ण एक युनिटही नव्हती, आणि लेसर चालवण्यासाठी वीजजाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८० हून अधिक युनिटे घेतली गेली. जेटचा विक्रम सुमारे १९ युनिटांचा, तोही उष्णतेच्या रूपातला. ‘ऊर्जा खर्चापेक्षा जास्त मिळाली’ हे वाक्य वाचताना खर्च कुठून मोजला, लक्ष्यापासून की भिंतीवरच्या प्लगपासून, हे पाहावे लागते. संमीलनातून वीज तयार करून वीजजाळ्यात सोडणारे एकही केंद्र आजवर जगात उभे राहिलेले नाही.

दुसरी प्रगती टिकाऊपणाची आहे. चीनच्या ‘ईस्ट’ टोकामॅकने जानेवारी २०२५ मध्ये तप्त प्लाझ्मा १,०६६ सेकंद टिकवला. पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या ‘वेस्ट’ने १,३३७ सेकंदांची मजल मारली. या दोन्ही प्रयोगांत ट्रिटियम नव्हते. साधायचे होते ते प्लाझ्मावरचे नियंत्रण.

आशावादी बाजू

फ्यूजनच्या समर्थकांची मांडणी चार मुद्द्यांवर उभी आहे. पहिला इंधनाचा: समुद्राच्या एका घनमीटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम ड्यूटेरियम असते, त्यामुळे इंधनावर कुणा एका देशाची मक्तेदारी राहणार नाही. दुसरा हवामानाचा: वीज बनवताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. तिसरा भरवशाचा: सूर्य मावळल्यावर किंवा वारा पडल्यावरही असे केंद्र चालू राहू शकते. चौथा सुरक्षिततेचा, ज्याची चर्चा पुढे स्वतंत्रपणे केली आहे.

यात आता तंत्रज्ञानाचा पाचवा मुद्दा आला आहे. उच्च तापमानाच्या अतिसंवाहक फितींपासून बनवलेल्या चुंबकांमुळे लहान यंत्रातही अतिशय तीव्र क्षेत्र मिळते. सप्टेंबर २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि तिथूनच उगम पावलेली कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी यांनी अशा मोठ्या चुंबकात २० टेस्लाचे क्षेत्र गाठले. कंपनीचे ‘स्पार्क’ हे यंत्र या तंत्रावर आधारलेले आहे. खासगी भांडवलाचा ओघही वाढला असून २०२४ पर्यंत फ्यूजन कंपन्यांत ७ अब्ज डॉलरहून अधिक गुंतवणूक झाली. मे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हेलियन या कंपनीशी २०२८ पासून फ्यूजनची वीज घेण्याचा करार केला. ब्रिटन सरकारने नॉटिंगहॅमशायरमधील वेस्ट बर्टन येथे, जुन्या कोळसा वीज केंद्राच्या जागेवर, २०४० पर्यंत प्रात्यक्षिक केंद्र उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

शंका घेणारी बाजू

शंका घेणारे बहुतेक जण भौतिकशास्त्र नाकारत नाहीत. त्यांचा रोख अभियांत्रिकी आणि अर्थकारणाकडे आहे, आणि त्यातले काही या क्षेत्राच्या आतलेच आहेत. १९८३ मध्ये अमेरिकी फ्यूजन संशोधक लॉरेन्स लिड्स्की यांनी एका गाजलेल्या लेखात, यंत्र चालले तरी वीज कंपन्यांना ते नकोसेच वाटेल इतके मोठे, गुंतागुंतीचे आणि महाग होईल, असा इशारा दिला. प्रिन्स्टनच्या फ्यूजन प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केलेल्या डॅनियल जॅस्बी यांनी २०१७ मध्ये अशाच आक्षेपांची यादी मांडली.

यातला पहिला आक्षेप ट्रिटियमचा आहे. त्याचे अर्धायुष्य केवळ १२.३ वर्षे असल्याने निसर्गात ते जवळजवळ सापडत नाही. नागरी वापरासाठीचा जगातला साठा काही दशकिलोंच्या घरात आहे आणि तो मुख्यतः कॅनडाच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून आलेला आहे. उलट, १,००० मेगावॅट संमीलनशक्तीचे केंद्र वर्षभर अखंड चालवायचे तर सुमारे ५६ किलो ट्रिटियम लागते. म्हणून प्रत्येक केंद्राला आपले ट्रिटियम आपणच पिकवावे लागेल: प्लाझ्माभोवती लिथियमचे आवरण ठेवायचे, न्यूट्रॉन लिथियमवर आदळला की ट्रिटियम तयार होते. प्रत्येक संयोगात एकच न्यूट्रॉन सुटतो आणि एक ट्रिटियम खर्ची पडते, शिवाय काही न्यूट्रॉन वाया जातात. ही तूट भरून काढण्यासाठी बेरिलियम किंवा शिसे वापरून न्यूट्रॉनची संख्या वाढवावी लागते. हे पूर्ण चक्र प्रत्यक्ष भट्टीत अजून कुठेही चालवून पाहिलेले नाही.

दुसरा आक्षेप साहित्याचा. १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे न्यूट्रॉन पोलादाच्या स्फटिकरचनेतले अणू जागचे हलवतात आणि धातूच्या आत हेलियमचे बुडबुडे तयार करतात. धातू फुगतो, ठिसूळ होतो. आतली भिंत काही वर्षांनी बदलावी लागेल, तीही माणसाला जवळ जाता येणार नाही अशा किरणोत्सर्गात, यंत्रमानवांकरवी. अशा न्यूट्रॉनच्या माऱ्यात धातू तपासण्यासाठी स्पेनमध्ये ग्रॅनडाजवळ खास सुविधा उभारली जात आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा, आणि त्याचे ठळक उदाहरण ‘आयटर’ हा आंतरराष्ट्रीय टोकामॅक प्रकल्प आहे. १९८५ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या जिनिव्हा भेटीत या सहकार्याचे बीज पडले. नोव्हेंबर २००६ मध्ये युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत या सात सदस्यांनी करार केला. दक्षिण फ्रान्समधील हे यंत्र तापवण्यासाठी दिलेल्या ५० मेगावॅटच्या बदल्यात ५०० मेगावॅट संमीलनशक्ती द्यावी, असे ठरले. पहिला प्लाझ्मा आधी २०१६ ला अपेक्षित होता, मग २०२५ ला. २०२२ मध्ये निर्वात पात्राच्या जोडकडांची मापे जुळत नसल्याचे आणि शीतन नळ्यांना गंजून तडे गेल्याचे आढळले. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकात संशोधनाचा आरंभ २०३४ मध्ये आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये धरले आहेत; खर्चात आणखी सुमारे ५ अब्ज युरोंची भर पडली. आयटर हा प्रयोग आहे. तो वीज तयार करणारच नाही.

यातूनच धोरणाचा वाद निघतो. सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांच्या किमती गेल्या दशकात झपाट्याने उतरल्या. कार्बन उत्सर्जन येत्या दोन-तीन दशकांत आटोक्यात आणायचे असेल, तर पैसा हाताशी असलेल्या तंत्रज्ञानात घालावा, असे एक मत आहे. दुसरे मत असे, की २०५० नंतरच्या जगालाही वीज लागणारच आहे आणि फ्यूजनवरचा खर्च एकूण ऊर्जाखर्चाच्या मानाने किरकोळ आहे.

लोकांची भीती : एकेक मुद्दा

फ्यूजनविषयीच्या भीतीचा मोठा भाग अणुशक्तीच्या जुन्या अनुभवांतून आला आहे: हिरोशिमा-नागासाकी, १९५४ च्या अमेरिकी चाचणीत किरणोत्सर्गी राखेत सापडलेली जपानी मासेमारी नौका, चेर्नोबिल, फुकुशिमा. या भीतीचे पदर वेगवेगळे करून पाहावे लागतात.

*स्फोटाची भीती.* हायड्रोजन बाँबमध्ये संमीलन घडवण्यासाठी आधी विखंडनाचा अणुबाँब फोडावा लागतो. फ्यूजन यंत्रात तसे काही नसते. आयटरसारख्या प्रचंड पात्रातही कोणत्याही क्षणी असलेले इंधन एका ग्रॅमच्या आसपास असते. बाँबसारखा स्फोट होऊ शकत नाही, यावर शास्त्रज्ञांत मतभेद नाही.

*भट्टी वितळण्याची भीती.* विखंडनाची भट्टी बंद केल्यावरही इंधनातील किरणोत्सर्गी द्रव्ये सुरुवातीला पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता देत राहतात. फुकुशिमात हीच उष्णता काढून नेता आली नाही. फ्यूजनमध्ये साखळी प्रक्रियाच नसते, पिंजऱ्यात थोडा बिघाड झाला तरी प्लाझ्मा थंड होऊन विझतो. न्यूट्रॉनमुळे किरणोत्सर्गी झालेल्या भिंतींतून उष्णता येत राहते, पण तिची तीव्रता बरीच कमी असते. प्लाझ्मा अचानक कोसळला तर यंत्राचे मोठे नुकसान होऊ शकते. हा धोका मुख्यतः यंत्राच्या मालकाच्या खिशाला आहे.

*ट्रिटियमच्या गळतीची भीती.* ही भीती निराधार म्हणता येत नाही. ट्रिटियमचा बीटा किरण कातडीही भेदत नाही; पण ट्रिटियमयुक्त पाणी पोटात गेले तर ते शरीरभर पसरते. हायड्रोजनचेच रूप असल्याने ते तापलेल्या धातूतूनही झिरपते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जपानने फुकुशिमातील प्रक्रिया केलेले, ट्रिटियमयुक्त पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली, तेव्हा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा हिरवा कंदील असूनही चीनने जपानी मासळीवर बंदी घातली. सुरक्षित मर्यादेत असलेले ट्रिटियमही लोकांच्या मनात किती मोठे होते, याचे हे अलीकडचे उदाहरण आहे.

*कचऱ्याची भीती.* फ्यूजनमधून प्लुटोनियमसारखी हजारो वर्षे टिकणारी द्रव्ये तयार होत नाहीत. न्यूट्रॉनच्या माऱ्याने यंत्राचे सुटे भाग मात्र किरणोत्सर्गी होतात. योग्य मूलद्रव्ये निवडलेल्या खास पोलादाचा किरणोत्सर्ग साधारण शंभर वर्षांत बराच ओसरेल, अशी अपेक्षा आहे. नायोबियम किंवा मॉलिब्डेनमचा अंश राहिला तर हा काळ लांबतो, आणि कचऱ्याचे आकारमान विखंडनापेक्षा जास्त असू शकते.

*शस्त्रप्रसाराची भीती.* न्यूट्रॉनच्या वाटेत युरेनियम ठेवून प्लुटोनियम बनवता येते आणि ट्रिटियमही बाँबमध्ये वापरतात. साध्या फ्यूजन केंद्रात युरेनियम असण्याचे कारणच नसल्याने तपासणीत असा प्रकार लपणे कठीण, असे तज्ज्ञ सांगतात. पण त्यासाठी तपासणीची आंतरराष्ट्रीय चौकट आधी ठरावी लागेल.

*विश्वासाचा प्रश्न.* महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरच्या ९,९०० मेगावॅटच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाला झालेला विरोध केवळ किरणोत्सर्गापुरता नव्हता. जमीन, आंबा-काजूच्या बागा, समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याने मासळीवर होणारा परिणाम आणि सरकारी शब्दाचा भरवसा हे मुद्दे त्यात होते. एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एकाचा बळी गेला. मोठ्या फ्यूजन केंद्रातही बहुधा उष्णतेवर वाफ करून टर्बाइन फिरवावे लागेल. त्यालाही जमीन आणि थंड करायला भरपूर पाणी लागेल. भट्टी बदलल्याने हे प्रश्न आपोआप सुटत नाहीत.

नियमनाच्या दोन दिशा

फ्यूजनला अणुभट्टीचे कडक नियम लावायचे की वेगळे, हा सध्याचा जिवंत वाद आहे. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये फ्यूजन यंत्रांना कणत्वरकांच्या धर्तीवर, किरणोत्सर्गी द्रव्ये हाताळण्याच्या नियमांखाली आणण्याचा निर्णय घेतला. ब्रिटनने २०२३ च्या ऊर्जा कायद्याने त्यांना अणुस्थळ परवान्यातून वगळले. फ्रान्समध्ये मात्र आयटर अणुप्रकल्प म्हणूनच नोंदलेला आहे. २०२२ च्या आरंभी तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने किरणोत्सर्गापासून संरक्षण आणि इमारतीवरचा भार यांबाबतच्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत जोडणीच्या पुढच्या टप्प्याला मंजुरी रोखली. सैल नियमांचे समर्थक म्हणतात की धोक्याच्या प्रमाणात बंधने हवीत. टीकाकारांचे म्हणणे असे, की ट्रिटियमचा साठा वाढला की धोकाही वाढतो, आणि लोकांचा विश्वास एकदा गेला की परत मिळत नाही.

भारताचे स्थान

भारतात प्लाझ्मा संशोधनाचा स्वतंत्र कार्यक्रम १९८२ मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत सुरू झाला. डॉ. प्रेधिमन कृष्ण कॉ यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये त्यातूनच गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. तिथे १९८९ मध्ये ‘आदित्य’ हा देशी बनावटीचा टोकामॅक सुरू झाला. २०१३ मध्ये अतिसंवाहक चुंबकांच्या ‘एसएसटी-१’मध्ये पहिला प्लाझ्मा आला. २००५ च्या अखेरीस भारत आयटरमध्ये सहभागी झाला. आपला सुमारे नऊ टक्क्यांचा वाटा भारत मुख्यतः सामग्रीच्या रूपाने देतो. सुरतजवळच्या हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोने बनवलेले आयटरचे क्रायोस्टॅट, म्हणजे संपूर्ण यंत्र पोटात घेणारे सुमारे ३० मीटर उंच आणि ३,८०० टनांहून जड निर्वात पात्र, तुकड्यातुकड्यांनी जहाजातून फ्रान्सला गेले आणि तिथे जोडले गेले. जड पाण्याच्या अणुभट्ट्या चालवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या त्याच प्रकारच्या आहेत. त्यामुळे ट्रिटियम हाताळण्याचा अनुभव देशाकडे आहे.

अनुत्तरित प्रश्न

संमीलन पृथ्वीवर घडवता येते का, या प्रश्नाचे उत्तर आता मिळाले आहे: येते. पुढचे चार प्रश्न अजून मोकळे आहेत. ट्रिटियमचे चक्र स्वतःपुरते पूर्ण होईल का? न्यूट्रॉनचा मारा वर्षानुवर्षे सोसणारे साहित्य मिळेल का? यंत्राने स्वतः खाल्लेली वीज वजा जाता विकण्यापुरती वीज उरेल का? आणि तिचा दर सौर, पवन व साठवणुकीच्या विजेशी टक्कर देईल का? भीतीच्या बाबतीत, स्फोटाचा आणि भट्टी वितळण्याचा धोका बाजूला ठेवता येतो. ट्रिटियम, किरणोत्सर्गी भाग आणि नियमनाची पारदर्शकता हे विषय ठेवता येत नाहीत. भाभांनी दिलेली मुदत १९७५ मध्ये संपली. आजच्या दाव्यांनाही मुदती आहेत: खासगी कंपन्यांच्या या दशकाच्या अखेरच्या, ब्रिटनची २०४० ची, आयटरच्या ट्रिटियम प्रयोगांची २०३९ ची. त्या तारखा येतील तेव्हा वीजजाळ्यात किती युनिटे गेली, हाच दाव्यांचा निर्णायक हिशेब ठरेल.